मातीची चाळण : पिंपरी ते मुलुंड

१९६१ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ या नियतकालिकात एक छोटा लेख छापून आला. लेखक तिघे : एम. जे. तिरुमलाचार, एस. के. मेनन आणि व्ही. व्ही. भट्ट. बुरशीजन्य रोगांवर चालणारे एक नवे प्रतिजैविक सापडल्याची ती वार्ता होती. औषधाचे नाव हॅमायसिन. ते तयार करणारा सूक्ष्मजीव पिंपरीच्या मातीतला, म्हणून त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुण्याजवळच्या एका गावाचे नाव असे जीवशास्त्राच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले. आपल्याकडे हा प्रसंग फारसा कोणाला माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

स्ट्रेप्टोमायसिस हे कूळ आपल्याला अनोळखी नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. त्याच्या आगेमागे खानदेशची तापून भेगाळलेली काळी जमीन पहिल्या पावसाने भिजते आणि वास सुटतो. त्या वासात मोठा वाटा याच कुळातल्या जिवाणूंचा असतो. ते जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी १९६५ मध्ये ते वेगळे काढले. याच विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. क्षयावरचे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक. तेही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचेच. मातीला वास देणारे आणि क्षयाचे जंतू मारणारे जिवाणू एकाच घराण्यातले.

आज औषधशोधाची गोष्ट निघाली की यंत्रमानव, हजारो खळग्यांच्या पट्ट्या, दिवसाला लाखभर चाचण्या असे चित्र उभे राहते. या पद्धतीला हाय थ्रूपुट स्क्रीनिंग म्हणतात. तिच्या पाठीमागे हातांनी केलेल्या चाळणीचे एक मोठे युग आहे, आणि त्या युगाची दोन महत्त्वाची ठाणी महाराष्ट्रात होती : पिंपरी आणि मुलुंड.

चाळणीची कल्पना त्याहून जुनी. जर्मनीत पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी उपदंशावर औषध शोधताना आर्सेनिकची शेकडो संयुगे एकामागून एक तपासली. १९०९ मध्ये ६०६ क्रमांकाचे संयुग लागू पडले आणि पुढच्याच वर्षी ते साल्व्हरसान नावाने बाजारात आले. एखादे औषध सुचण्याची वाट न पाहता ओळीने सगळे तपासायचे, चुकलेले बाजूला ठेवायचे आणि वही नीट ठेवायची, ही शिस्त तिथे पक्की झाली. वॅक्समन यांनी तीच शिस्त मातीला लावली.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले? चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात घुसळायची. त्या पाण्याचा एक भाग नऊ भाग पाण्यात, त्यातला एक पुन्हा नऊ भागांत, असे करत ते पातळ करत न्यायचे. एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यामुळे इतके पातळ केल्याशिवाय एकेक जिवाणू सुटा होत नाही. मग तो थेंब आगर ओतलेल्या काचेच्या बशीत पसरायचा आणि थांबायचे. साधे जिवाणू एका दिवसात ओलसर, चकचकीत ठिपके धरतात. स्ट्रेप्टोमायसिसला पाच-सात दिवस लागतात. त्याची वसाहत खडूची भुकटी भुरभुरल्यासारखी कोरडी दिसते आणि सुईने उचलायला गेले तर आगरात रुतून बसलेली असते. हात बसलेला माणूस शंभर ठिपक्यांतून ती नजरेने हेरतो. ती उचलून वेगळी वाढवायची, शेजारी रोगजंतू पेरायचा आणि दुसऱ्या दिवशी बशी उजेडाकडे धरायची. रोगजंतूचा गढूळ थर वसाहतीभोवती स्वच्छ गोलात तुटला असेल, तर काहीतरी आहे. बहुतेक बश्यांत काहीच नसते.

गोल दिसला तरी खरी अडचण पुढेच. मिळालेले द्रव्य आधीच कोणाला तरी सापडलेले असण्याची शक्यता फार. म्हणून द्रव्य शुद्ध करायचे, त्यातून अतिनील किरण सोडायचे आणि आलेख पाहायचा. हॅमायसिन ज्या गटातले, त्या हेप्टाईन गटातल्या द्रव्यांच्या आलेखावर शेजारी शेजारी तीन शिखरे उठतात. ती दिसली की गट कळतो. मग नवे की जुने, हे ठरवायला आणखी महिनोन् महिने जातात. जुनेच निघाले तर सगळे श्रम वाया, आणि जुने निघणे हा नियमच.

हॅमायसिन जिथे सापडले तो पिंपरीचा कारखाना कशासाठी उभा राहिला, हेही सांगायला हवे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पेनिसिलिनसाठी आपण परदेशावर अवलंबून होतो. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने प्रतिजैविकांचा कारखाना काढायचे ठरवले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी १९५४ मध्ये नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातला औषधनिर्मितीचा हा पहिला कारखाना. पेनिसिलिन तयार करणे एवढेच काम त्याने केले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण तिथे संशोधन विभाग उभा राहिला आणि नवी प्रतिजैविके शोधायची जिद्द धरली गेली. मला त्या काळाची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. दुसऱ्याचे औषध बनवायला नुकतेच शिकलेल्या देशाने आपली माती चाळायला घेतली.

तिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरचा तांबेरा आणि काणी यांच्या बुरशींचा त्यांचा अभ्यास गाढ होता. १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी जिवाणूंची एक नवी प्रजाती मांडली आणि पेनिसिलिनचे एक शिल्पकार अर्न्स्ट चेन यांच्या नावावरून तिला चेनिया असे नाव दिले. पुढे वर्गीकरण बदलले आणि चेनिया स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन झाली. असा माणूस प्रतिजैविकांच्या चाळणीला बसला की त्याची नजर बुरशीकडे जाणार, हे साहजिकच.

आणि ती दिशा बरोबर होती. जिवाणू मारणे तुलनेने सोपे, कारण जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. बुरशीची पेशी मात्र रचनेने आपल्या पेशीच्या बरीच जवळ आहे. बुरशीला जे विष, ते रोग्यालाही बाधू शकते. त्यामुळे बुरशीवरची औषधे तेव्हाही मोजकी होती आणि आजही मोजकीच आहेत. एलिझाबेथ हेझन आणि रॅचेल ब्राउन या दोन अमेरिकी संशोधक स्त्रियांनी १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर केले, तेही मातीच्या चाळणीतूनच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून अँफोटेरिसिन आले. हॅमायसिन याच घराण्यातले. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. ही औषधे त्याला जाऊन चिकटतात आणि पेशीपटल फुटते.

पिंपरीत एकावर काम थांबले नाही. १९६२ च्या सुमारास डर्मोस्टॅटिन आले. १९६४ मध्ये तिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंजिन जाहीर केले, आणि ते थेट शेतात गेले. लिंबू-मोसंबीच्या खोडातून डिंक गळू लागला की बागाईतदाराची झोप उडते. त्या डिंक्यावर आणि भाताच्या करप्यावर ऑरिओफंजिन वापरले गेले. हॅमायसिन अमेरिकेतही पोहोचले. ब्लास्टोमायकोसिस या बुरशीच्या आजारात ते रुग्णांना देऊन पाहिले गेले. पण आतड्यातून ते रक्तात नीट उतरत नव्हते, आणि शरीराच्या आत खोल गेलेल्या संसर्गात अँफोटेरिसिनचे स्थान त्याला घेता आले नाही. भारतात त्याचा उपयोग मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला. मी याला अपयश मानत नाही. देशातल्या मातीत सापडलेले द्रव्य, देशातच शुद्ध केलेले, देशातच बनवून विकलेले : ही पूर्ण साखळी तेव्हा जगातल्या फार थोड्या देशांना जमली होती.

झाडांची चाळण याच सुमाराला दुसरीकडे चालू झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने देशभरच्या वनस्पती गोळा करून त्यांचे मद्यार्कातले अर्क चाचण्यांच्या लांबलचक रांगेतून काढायला सुरुवात केली. १९६८ मध्ये धर, धवन, मेहरोत्रा आणि रे यांच्या गटाने त्याचा पहिला अहवाल छापला. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले होते, आणि तिथे टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ संचालक होता. त्यानंतर १९७२ मध्ये मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीने आपले केंद्र उघडले.

मुलुंडच्या केंद्रात १९७४ पासून भारतीय औषधी वनस्पती पद्धतशीर तपासायला घेतल्या. अर्क काढायचे, प्राण्यांच्या रक्तदाबावर आणि स्नायूंवर काय परिणाम होतो ते पाहायचे, आणि परिणाम दिसला की अर्काचे तुकडे पाडत पाडत नेमके कोणते द्रव्य काम करते आहे तिथवर पोहोचायचे. त्यात एक झाड होते कोलियस फोर्स्कोह्लाय, तुळशीच्या कुळातले. गुजरातेत त्याच्या मुळांचे लोणचे घालतात, तिकडे त्याला गरमर म्हणतात. त्या मुळांतून निघालेल्या द्रव्याने रक्तदाब उतरत होता. १९७७ मध्ये सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना छापली. नाव ठरले फोर्स्कोलिन. त्याच वर्षी लखनौच्या गटानेही याच झाडातून काढलेले द्रव्य कोलिओनॉल या नावाने जाहीर केले.

खरी कमाल चार वर्षांनी उघड झाली. शरीरातल्या पेशीला बाहेरून संप्रेरकाचा निरोप येतो, तेव्हा पेशीच्या आत तो पुढे नेण्याचे काम सायक्लिक एएमपी नावाचा रेणू करतो. या शोधाबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले होते. हा रेणू बनवणारे विकर असते अ‍ॅडेनिलेट सायक्लेज. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी दाखवले की फोर्स्कोलिन या विकराला थेट चालना देते, संप्रेरकाची वाटच पाहत नाही. असे काही करणारे द्रव्य तोवर शास्त्रज्ञांच्या हाती नव्हते. तेव्हापासून पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिन हे रोजच्या वापराचे रसायन होऊन बसले. जगात कुठेही मज्जापेशी वाढवणारा विद्यार्थी आज फ्रीजमधून त्याची कुपी काढतो. तिचा उगम मुलुंडमध्ये आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. जपानमध्ये फोर्स्कोलिनपासून बनवलेले कोलफोर्सिन डारोपेट हे हृदयविकारावरचे औषध १९९९ मध्ये वापरात आले.

दुसरी गोष्ट कर्करोगाची. कडुनिंबाच्या कुळातल्या डायसोक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातून मुलुंडच्या गटाला रोहिटुकीन मिळाले. त्यांना दिसला तो त्याचा सूज कमी करण्याचा गुण. नाईक, कट्टिगे, भट, डिसूझा आदींनी १९८८ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि हे द्रव्य प्रयोगशाळेत मुळापासून घडवूनही दाखवले. मग त्याच्या रचनेत फेरबदल करून भावंडे तयार केली. त्यातल्या एल ८६-८२७५ या क्रमांकाच्या संयुगाने गाठीच्या पेशींची वाढ रोखली. ते पुढे फ्लॅव्होपिरिडॉल म्हणून ओळखले गेले. पेशी कधी दुभंगायची हे ठरवणाऱ्या सायक्लिन-अवलंबी कायनेज विकरांना ते अडवते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या कामातून कळले. या विकरांना रोखणारे आणि माणसावरच्या चाचण्यांपर्यंत गेलेले ते पहिले औषध. बाजारात येण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, पण त्याने मोकळ्या केलेल्या वाटेने आलेली त्याच वर्गातली औषधे आज स्तनांच्या कर्करोगात दिली जातात.

मुलुंडमध्ये माती चाळण्याचे कामही जोरात होते. बी. एन. गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मर्सॅसिडिन हे प्रतिजैविक जाहीर केले. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या हट्टी स्टॅफिलोकॉकसवर ते चालत होते. १९९४ मध्ये बाल्हिमायसिन आले, व्हँकोमायसिनच्या नात्यातले. या दोहोंचे मूळ जिवाणू ज्या क्रमांकांनी लेखांत नोंदले आहेत, ते वाचण्यासारखे आहेत : एचआयएल वाय-८५,५४७२८ आणि वाय-८६,२१०२२. एचआयएल म्हणजे हेक्स्ट इंडिया लिमिटेड. या पाच आकडी क्रमांकांवर मी फार वेळ थांबतो. त्यांच्या मागे बश्या धुणारे, आगर शिजवणारे, चिठ्ठ्या चिकटवणारे, रात्रपाळीला फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर लक्ष ठेवणारे किती हात होते! शोधनिबंधावर त्यांतल्या बहुतेकांची नावे नाहीत. मर्सॅसिडिन औषध झाले नाही. बाल्हिमायसिनही झाले नाही, पण ते बनवणारा जिवाणू व्हँकोमायसिन वर्गातली द्रव्ये निसर्गात कशी घडतात हे समजण्यासाठी जर्मनीतल्या प्रयोगशाळांचा आधार ठरला.

याच वर्षांत पश्चिमेत यंत्रे आली. त्यांचा पाया १९५१ मध्ये हंगेरीत ग्यूला टाकाची यांनी घातला होता. रक्तचाचण्यांची काचसामग्री पुरेना, म्हणून त्यांनी एकाच पट्टीत छोटे छोटे खळगे कोरले. त्यातूनच आठ बाय बारा, म्हणजे ९६ खळग्यांची पट्टी रूढ झाली. फायझर कंपनीत १९८० च्या दशकात या पट्ट्यांतून सूक्ष्मजीवांच्या किण्वनाचे रस तपासले जात. १९८६ मध्ये तिथल्या लोकांनी त्या रसांच्या जागी कंपनीच्या कपाटातली कृत्रिम संयुगे घातली. आठवड्याला सुमारे ८०० पासून सुरुवात झाली, १९८९ पर्यंत आकडा ७,२०० वर गेला. नंतर ३८४ खळगे, मग १,५३६, मग थेंब सोडणारे यंत्रमानव. म्हणजे ज्या यंत्रणेने मातीला बाजूला सारले, तिचे पहिले पाऊल मातीतल्या जिवाणूंच्या रसानेच पडले होते.

ही पद्धत फक्त औषधांपुरती राहिली नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने शेकडो बहुवारिकांचे सूक्ष्म ठिपके काचेच्या पट्टीवर मांडले आणि कोणत्या ठिपक्यावर जिवाणू चिकटत नाहीत ते पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी असे पदार्थ जाहीर केले. लघवीच्या नळीवर त्यांचा लेप दिला तर संसर्ग टळेल, हा हेतू. शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी पदार्थ निवडायची ही नवी रीत आहे.

प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र यंत्रांनी निराशा केली. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने १९९५ ते २००१ या काळात जिवाणूंविरुद्ध सत्तर मोहिमा राबवल्या, प्रत्येक वेळी लाखो संयुगे तपासली, आणि हाती लागली फक्त पाच आशादायक संयुगे. कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हा हिशेब प्रामाणिकपणे छापला. कपाटातली कृत्रिम संयुगे जिवाणूंच्या भिंतीतून आत शिरण्यासाठी घडलेली नव्हती. मातीतले जिवाणू अब्जावधी वर्षे एकमेकांशी झगडत आले आहेत, त्यांची रसायने त्याच कामासाठी घडलेली असतात. हे कळेपर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी मातीचे विभाग बंद केले होते.

मुलुंडचे केंद्रही त्याच लाटेत हेक्स्टच्या हातून गेले. १९९८ मध्ये ते निकोलस पिरामल कंपनीने घेतले. तिथल्या लोकांनी काम सोडले नाही, रोहिटुकीनच्या घराण्यातले पुढचे संयुगही त्यांनी रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत नेले. पण २०१४ मध्ये कंपनीने नवी औषधे शोधण्याच्या कामातून अंग काढून घेतले. मालकाचा हिशेब बदलला की पिढीने जमवलेले कौशल्य पांगते. माझे मत स्पष्ट आहे : जिवाणूंचा साठा आणि त्याच्या वह्या एकट्या कंपनीच्या भरवशावर ठेवू नयेत.

तसे न ठेवल्याचे एक चांगले उदाहरण याच गोष्टीतून निघाले. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशातल्या अनेक संस्था आणि पिरामल यांना सोबत घेऊन भारतभरातून सूक्ष्मजीव गोळा करण्याची मोहीम काढली. दीड लाखांहून अधिक जिवाणू जमले. चाळण झाल्यावर ते फेकून न देता जपायचे ठरले, आणि त्यासाठी पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या अंतर्गत सूक्ष्मजीव संग्रह उभा राहिला. आज तो राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो. शिवाय राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा जुना संग्रह पुण्यातच आहे. औद्योगिक उपयोगाचे जिवाणू तिथे अनेक दशके सांभाळले जात आहेत.

आता आपल्या खानदेशाकडे वळतो. जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ झाले, आज त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. जळगावात, अमळनेरला, धुळ्याला, शिरपूरला सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत. मातीतून स्ट्रेप्टोमायसिस वेगळा काढणे हा त्यांच्या विषयातला नेहमीचा प्रयोग. कोणी केळीच्या बागेतली माती आणतो, कोणी कपाशीच्या शेतातली, कोणी सातपुड्याच्या उतारावरची. गुण मिळाले की बश्या वाफेच्या भट्टीत जातात आणि धुतल्या जातात.

त्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. ज्या बशीत स्वच्छ गोल दिसेल, तिची माती कुठली, तारीख कोणती, कोणत्या रोगजंतूवर गोल आला, हे लिहून ठेवा, आणि तो जिवाणू पुण्याच्या संग्रहात जमा करण्यासाठी पत्र पाठवा. आणि पिंपरीत किंवा मुलुंडला ज्यांनी हे काम केले, त्यांच्या घरच्यांनाही : त्या काळच्या वह्या, बुलेटिनचे अंक, प्रयोगशाळेतले फोटो माळ्यावर असतील तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या, आणि ते काम करणारे आजी-आजोबा अजून सांगू शकत असतील तर या पावसाळ्यातच बसून त्यांचे ऐकून लिहून काढा.